स्वतःची कथा स्वतः वाचायची, की सांगायची?

गवतीचहा (९ फेब्रुवारी)

मंडळी, एक अडचण होऊन बसली आहे. गेल्या दिवाळीत एका छोट्या दिवाळी अंकात माझी 'शिलाई मशीन' नावाची कथा आली होती. आमच्या गावच्या वाचनालयवाल्यांनी ती वाचली (त्यांनी तरी वाचली!) आणि २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाच्या कार्यक्रमात, 'ताई, कथाकथन करा' म्हणून गळ घातली. वेळ १५ मिनिटं. मी हो म्हणून बसले.

काल रात्री दार लावून मोठ्याने वाचून पाहिली. २७ मिनिटं लागली. त्याहून वाईट म्हणजे माझी कथा मलाच कंटाळवाणी वाटली. छापलेली वाचताना अशी नव्हती हो! चौथ्या पानावर तर मीच जांभई दिली.

आता प्रश्न. पाठ करू की कागद हातात धरू? कापायचं तर कुठून? कथेतली आक्का गावाकडचं बोलते, ते तसंच बोलून दाखवायचं का? मला जरा संकोच वाटतो. आणि कथाकथन म्हटलं की लोक हसायच्या तयारीने येतात. माझ्या अख्ख्या कथेत हसू येईल असं एकच वाक्य आहे, तेही बटणांबद्दल.

---

तांब्याभांडं

आधी शब्दांचा घोळ मिटवू. वाचन, अभिवाचन आणि कथाकथन ही तीन वेगळी कामं आहेत. वाचनात डोळा कागदावर असतो आणि आवाज सरळ. अभिवाचनात कागद असतोच, पण आवाजाने पात्रं उभी करायची. कथाकथनात कागद नाही, समोरच्याच्या डोळ्यात बघून गोष्ट सांगायची. वाचनालयवाले तिन्हीला कथाकथनच म्हणतात. तेव्हा त्यांना फोन करून विचारा, 'समोर स्टँड ठेवला तर चालेल ना?' चालेल म्हणतील.

आमच्या पिढीला कथाकथन म्हटलं की व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार हे त्रिकूट आठवतं. तिघे एका मंचावर, गावोगाव. गणपतीत आमच्याकडे आधी पडद्यावरचा सिनेमा की आधी कथाकथन यावरून मंडळात भांडणं व्हायची. पाटलांची 'धिंड' किंवा मिरासदारांची 'माझ्या बापाची पेंड' आज पुस्तक उघडून बघा. पानंच्या पानं संवाद. दोन माणसं बोलताहेत, तिसरा मध्ये तोंड घालतोय, लेखक बाजूला उभा. अशी कथा मोठ्याने वाचली की आपली आपण चालायला लागते. माडगूळकरांचं तसं नाही, तिथे वर्णन आहे, पण वाक्य कसं? आखूड. एका दमात एक वाक्य. माणूस बरीच वर्षं पुणे आकाशवाणीत होता. कानासाठी लिहायची सवय कुठून आली हे सांगायला नको.

तुमच्या कथेत संवाद किती आणि 'तिला वाटलं', 'तिच्या मनात आलं' किती, ते मोजा. तुमची जांभई तिथेच सापडेल.

---

माईक_टेस्टिंग

मी गेली १८ वर्षं साउंडचं काम करतो. लग्नं, सभा, व्याख्यानमाला सगळं. साहित्यातलं मला काही कळत नाही, पण लेखक माईकसमोर कुठे मार खातात ते रोज बघतो.

माईक तोंडासमोर नको, हनुवटीच्या जरा बाजूला, वीतभर लांब. मराठीत फ, भ, ध, ख भरपूर. तोंडासमोर माईक धरून 'भाऊ' म्हणालात की मागच्या रांगेत फटाका वाजतो.

कागद पिनअप करू नका. सुटे ठेवा, एकाच बाजूला छापलेले. वाचून झालेलं पान उलटायचं नाही, नुसतं बाजूला सरकवायचं. उलटलं की माईकमधून पत्रा उडाल्यासारखा आवाज येतो. अक्षर मोठं, १८ पॉइंट तरी. पानाच्या शेवटी वाक्य अर्धवट तुटू देऊ नका. वाक्य तुटतं, लेखक पुढचं पान शोधतो, आणि लोकांना वाटतं बाई गहिवरल्या.

आणि ताई, बांगड्या. स्टँडवर हात ठेवून वाचणार असाल तर त्या हाताच्या काढून ठेवा. एका कवयित्रीच्या विरहाच्या कवितेला मी पूर्ण वेळ खळखळ साथ ऐकली आहे.

हॉल कसला आहे? वर पत्रे असतील तर आवाज घुमणार. मग नेहमीपेक्षा सावकाश वाचा, म्हणजे १५ मिनिटांत अजूनच कमी मावेल. त्या हिशोबाने कापा.

---

दीडशहाणा_राघू

विरजण घालायला आलो आहे, राग मानू नये.

माझं प्रामाणिक मत असं की कथाकथनाच्या टाळ्यांनी मराठी कथेचं नुकसानच जास्त केलं. दर दोन मिनिटांनी हशा आणि शेवटी एक कलाटणी, की श्रोते खूश. मग लेखक घरी बसून लिहितानासुद्धा हशाची जागा शोधायला लागतो. साहित्य संमेलनातलं कथाकथनाचं सत्र बघा, जेवणानंतरची सुस्ती घालवायला ठेवल्यासारखं असतं. जी. ए. कुलकर्णी माईकसमोर उभे राहून कथा सांगताहेत असं चित्र तरी डोळ्यासमोर येतं का? त्यांची कथा एकट्याने, दिवा लावून, दोनदा वाचायची असते. कळलं नाही तर मागचं पान उलटायचं असतं. ऐकणाऱ्याला मागचं पान नसतं.

लेखकाचं काम लिहिण्याचं. वाचायला नट आहेत, त्यांचा गळा तयार असतो. ताईंची कथा शांत आहे असं दिसतंय. ती पुस्तकातच राहू द्यावी.

---

तांब्याभांडं

राघू, 'ऐकणाऱ्याला मागचं पान नसतं' हे मान्य. बाकीचं नाही. वामन होवाळ विसरलात? दलित वस्तीतलं जगणं त्यांनी गावोगाव जाऊन कथाकथनातून ऐकवलं. लोक हसले, आणि कशावर हसलो हे घरी जाताना त्यांच्या लक्षात आलं. पुस्तक विकत घेणं ज्यांच्या ऐपतीत नव्हतं त्यांच्यापर्यंत ती कथा मंचावरूनच गेली. मराठवाड्यात रा. रं. बोराडे, बायकांमध्ये गिरिजा कीर. हे सगळे काय जेवणानंतरची सुस्ती घालवणारे?

---

दीडशहाणा_राघू

होवाळांचं मान्य. अपवाद म्हणून.

---

तांब्याभांडं

तुमचे अपवाद नेहमी दुसऱ्याने शोधून द्यावे लागतात.

---

ब्रिस्टलवासी

तुमच्या भांडणात मी परदेशी पाहुणा घेऊन येतो. चार्ल्स डिकन्स.

त्याने १८५३ च्या डिसेंबरात बर्मिंगहॅमच्या टाऊन हॉलमध्ये धर्मादाय कामासाठी स्वतःची 'ख्रिसमस कॅरल' वाचली. तीन तासांच्या आसपास चालली म्हणतात. लोकांना आवडली, पण डिकन्स हुशार माणूस. १८५८ पासून तिकीट लावून वाचायला लागला तोवर त्याने पुस्तकावर कात्री चालवली होती. छापील पानं मोठ्या कागदांवर चिकटवून घ्यायचा, शाईने परिच्छेदच्या परिच्छेद खोडायचा, समासात स्वतःला सूचना लिहायचा. ती 'कॅरल'ची प्रत आज न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहे. वर्णनं गेली, नीतिबोध गेला, पात्रांचं बोलणं राहिलं. कथा दीड तासाच्या आत आली.

म्हणजे ज्याच्या नावावर पुस्तकं हातोहात खपत होती तोसुद्धा छापलेलं जसंच्या तसं वाचत नव्हता. गवतीचहा, तुम्ही २७ ची १५ मिनिटं केलीत तर पाप होणार नाही.

पुढे 'ऑलिव्हर ट्विस्ट'मधला नॅन्सीच्या खुनाचा प्रसंग तो वाचायला लागला. त्या प्रतीच्या समासात 'शेवटपर्यंत दहशत' अशी सूचना आहे. वाचन संपलं की दमून कोचावर पडायचा, डॉक्टर नाडी मोजायचे आणि पुन्हा हे वाचू नका म्हणायचे. ऐकलं नाही. १८७० च्या मार्चमध्ये लंडनला शेवटचं वाचन, जूनमध्ये गेला. तुमच्या बटणांच्या कथेला एवढा धोका नसावा.

---

माईक_टेस्टिंग

तेव्हा माईकपण नव्हता. हजार-दोन हजार लोकांपुढे नुसत्या गळ्यावर. नाडी वाढणारच.

---

वऱ्हाडी_ठेचा

बोलीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. ताई, संकोच कसला? फक्त एक पथ्य. बोली *आणायची* नाही. तुमच्या कानात ती आधीपासून असेल तर बोला, नसेल तर शब्द तेच ठेवा आणि सूर आपला नेहमीचा. शहरातले लोक खेडवळ आवाज काढायला जातात आणि सगळ्या गावांची मिळून एक नाटकी बोली तयार होते, 'आवं धनी' छापाची. ती आमच्या इकडची नसते, तुमच्या तिकडचीही नसते.

लक्ष्मण देशपांडे यांचं 'वऱ्हाड निघालंय लंडनला' आठवा. एकटा माणूस, ५२ पात्रं, आणि प्रत्येक तोंड वेगळं ओळखू यायचं. (जाता जाता: ते वऱ्हाड लग्नाचं, बोली मराठवाड्याची. नावामुळे आम्हाला उगाच श्रेय मिळतं, आम्ही घेतोही.) ते एकपात्री नाटक, कथाकथन नव्हे, पण शिकण्यासारखं हेच की ते आवाज कुठून तरी ऐकून आलेले होते.

तुमची आक्का कोणावरून घेतली आहे? तिला फोन लावा, दहा मिनिटं नुसतं बोलू द्या. मग कथा वाचा.

---

गवतीचहा (१३ फेब्रुवारी)

सगळ्यांचे आभार. राघूंचेही. :)

वऱ्हाडी_ठेचा, आक्का म्हणजे माझी मावशी, आता नाही. पण तिच्या सुनेला फोन केला. पाऊण तास गेला, त्यातला अर्धा सांडग्यांवर. पण काम झालं. सून हुबेहूब सासूसारखी बोलायला लागली आहे, हे तिला कोणी सांगू नका.

तांब्याभांडं यांनी सांगितलं तसं मोजलं. 'तिला वाटलं' ११ वेळा! लाल पेन घेऊन बसले. एक जागा इथे दाखवते. छापील असं आहे:

'मशीन नेणार असशील तर ने, पण खणातली बटणं राहू देत,' असं आक्का म्हणाली तेव्हा तिच्या आवाजात राग नव्हता की दुःखही नव्हतं; जणू ती भाजीवाल्याला जास्तीची कोथिंबीर परत करत होती.

मोठ्याने वाचताना कळलं की कोण बोलतंय ते ऐकणाऱ्याला वाक्य संपल्यावर कळतं. तोवर तो गोंधळलेला. छापलेल्या पानात अवतरणचिन्हं दिसतात, कानाला ती दिसत नाहीत. म्हणून नाव आधी आणलं. आणि आवाजात राग नव्हता हे मी *सांगायचं* कशाला, तसं वाचायचं. आता असं झालंय:

आक्का उंबऱ्यात हुबी. म्हणाली, 'मशीन ने. खणातली बटणं तेवढी ऱ्हाऊ दे.'

आणि थांबायचं. कोथिंबिरीची उपमा माझी फार लाडकी होती. दोन दिवस कापली, ठेवली, कापली, ठेवली. शेवटी गेली.

आता १७ मिनिटं. अजून दोन काढायची आहेत.

---

तांब्याभांडं

वा! कोथिंबीर गेली ते फार बरं झालं. उपमा वाचणाऱ्याला थांबून चाखता येते. ऐकणारा चाखत बसला की पुढचं वाक्य निसटतं.

पु. लं.चं ऐका. 'अंतू बर्वा' किंवा 'रावसाहेब' हातात पुस्तक घेऊन ध्वनिफितीबरोबर वाचत चला. शब्दशः जुळत नाही. काही वाक्यं गळलेली, काही वाढलेली, कुठे नुसता 'हं' आलेला. 'अंतू बर्वा' ज्यात आहे त्या 'व्यक्ती आणि वल्ली'ला पुढे साहित्य अकादमी मिळालं, म्हणजे मजकूर काही कच्चा नव्हता. तरी माईकपुढे त्यांनी तो मोडून घेतला. मला तर वाटतं एकाच गोष्टीची ही दोन हस्तलिखितं आहेत, एक डोळ्यासाठी, एक कानासाठी. गवतीचहांना आता दुसरं सापडलंय.

---

सांजवात७१

वपुंचा (व. पु. काळे) विषय अजून कसा निघाला नाही? आमच्या घरी त्यांच्या कथाकथनाच्या कॅसेट होत्या. वडील रात्री जेवणं झाल्यावर लावायचे, आणि बाजू संपली की 'खट्' आवाज व्हायचा तेव्हा कोणीतरी उठून उलटायचं. तेवढ्यात आई म्हणायची, 'आता पुढे काय होणार मला माहितीय,' आणि तरी ऐकत बसायची. 'जे. के. मालवणकर' किती वेळा ऐकलं असेल! वपु म्हणजे महापालिकेत वास्तुविशारद असलेला माणूस, पेशाने नट नाही. पण स्वतःचं वाक्य कुठे ठेवायचं हे त्याच्याइतकं दुसऱ्या कोणाला कळणार?

राघू म्हणतात तसं नटाने वाचलं तर सफाईदार होतं खरं. हल्ली अॅपवर बोलती पुस्तकं ऐकते मी, पोळ्या लाटताना. नटमंडळी उत्तम वाचतात. पण कधी कधी वाक्यावर नको तितकं तूप सोडतात. लेखक बऱ्याचदा कोरडा वाचतो, आणि त्या कोरडेपणातच कळतं की त्याला स्वतःला काय महत्त्वाचं वाटत होतं.

---

दीडशहाणा_राघू

तुपाची तक्रार रास्त आहे. मीही एक ऑडिओबुक याच कारणाने अर्धवट सोडलं. निवेदक 'तो खुर्चीवर बसला' हे वाक्यसुद्धा हुंदका देऊन वाचत होता.

गवतीचहा, शेवट काय आहे कथेचा? दोन मिनिटं तिथून निघतील असा माझा संशय आहे. आपल्या लेखकांना शेवट समजावून सांगायची खोड आहे.

---

गवतीचहा

संशय बरोबर आहे, काय करू.

आक्का मशीन विकते, एजंट टेम्पोत घालून नेतो. शेवटच्या परिच्छेदात कळतं की त्याच्यामार्फत ते तिच्या जावेनेच घेतलं. त्या दोघी १२ वर्षं बोलत नसतात. मग जाऊ रात्री मशीनवरून हात फिरवते वगैरे. तो परिच्छेद पावणेदोन मिनिटांचा आहे.

---

दीडशहाणा_राघू

'हात फिरवते वगैरे'. तुम्हीच वगैरे म्हणालात. कापा.

---

ब्रिस्टलवासी

नका कापू! तोच तर कथेचा जीव आहे. जाऊ कळली नाही तर उरलं काय, मशीन विकल्याची पावती?

---

वऱ्हाडी_ठेचा

जावेचा उल्लेख आधी कुठे येतो का?

---

गवतीचहा

एकदाच. टेम्पो निघतो तेव्हा समोरच्या घराची खिडकी बंद होते. आक्का तिकडे बघत नाही.

---

वऱ्हाडी_ठेचा

मग कापा. पण खिडकीशी थांबा. पूर्ण श्वासभर.

---

माईक_टेस्टिंग

श्वास माईकपासून तोंड बाजूला करून घ्या.

---

गवतीचहा (२८ फेब्रुवारी)

झालं एकदाचं!

हॉल पत्र्याचाच होता. साठेक खुर्च्या, चाळीसेक माणसं, त्यातली दहा शाळेतली मुलं, त्यांना खाऊ मिळणार होता म्हणून बसलेली. माझ्याआधीच्या गृहस्थांनी १५ ऐवजी ३५ मिनिटं घेतली (नाव नाही सांगत, धागा त्यांनीही वाचला तर?). अध्यक्ष घड्याळ बघायला लागले. मी उठले तेव्हा वाटलं, दहाच मिनिटांत आटपू.

बांगड्या काढल्या होत्या. कागद सुटे होते. पहिलं पान वाचताना आवाज माझा वाटेना, पोस्टातल्या बाईचा वाटत होता. दुसऱ्या पानावर लाईट गेली. माईक बंद, पंखे बंद. आणि पंखे बंद झाल्यावर कळलं की हॉल केवढा शांत आहे. स्टँडवरचं मला दिसेना. कोणीतरी मोबाईलचा टॉर्च धरला, पण हात हलत होता. मग मी कागदाकडे बघणं सोडलं. एवढ्या वेळा कापून, जोडून, वाचून कथा तोंडात बसली होती हे तेव्हा कळलं. दोन ठिकाणी शब्द वेगळे आले. एके ठिकाणी मावशीचा एक शब्द आला, जो मी कधी लिहिलाच नव्हता.

बटणांच्या वाक्याला हसले लोक. मला वाटलं होतं त्याच्या एक वाक्य आधीच हसले, पण हसले.

खिडकीशी थांबले. मागे एक मूल कुरकुरेचं पाकीट फोडत होतं, तेही थांबलं. (की संपलं, देव जाणे.) आणि संपवलं. दोन-तीन सेकंद कोणी टाळी वाजवेना. आता मेले असं वाटलं. मग वाजल्या. लाईट त्यानंतर आली, अर्थातच.

वेळ लागला १४ मिनिटं, असं वाचनालयातल्या सरांनी सांगितलं.

---

माईक_टेस्टिंग

जनरेटर ठेवायला हवा होता त्यांनी. पण ताई, माईकशिवाय मागेपर्यंत ऐकू गेलं का?

---

गवतीचहा

शेवटच्या रांगेत एक आजी बसल्या होत्या, सत्तर-पंचाहत्तरच्या असतील. चहाच्या वेळी कप घेऊन जवळ आल्या. म्हणाल्या, 'ऐकू आलं समदं. पर मशीन घेतलं कुणी?'

---

ब्रिस्टलवासी

बघा! मी म्हणत होतो, तो परिच्छेद ठेवायला हवा होता.

---

दीडशहाणा_राघू

थांबा हो. ताई, सांगितलंत का त्यांना?

---

गवतीचहा

सांगणारच होते. मी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, 'खिडकी लावली तिनंच घेतलं असंल. मी बी आसंच केलं अस्तं.' आणि बशीतला चहा संपवून गेल्या.